लाल पेटीतली बिस्किटं

कारखान्यात त्यांना सगळे बिस्किटमामा म्हणत. नव्या माणसाला वाटे, गृहस्थ चहाबरोबर बिस्किटांचा पुडाच्या पुडा फस्त करत असणार. प्रत्यक्षात मामा चहाबरोबर काहीही खात नसत. चहासुद्धा ते बशीत ओतून, फुंकर घालत, डोळे अर्धवट मिटून असा पीत, की प्यायले की नुसते बघत बसले हे शेजारच्यालाही सांगता येऊ नये. त्यांचं बिस्किट ही वेगळीच चीज होती, आणि ती खायची नव्हती.

मामा प्रेस शॉपमधले डाय फिटर. ज्या लोखंडी साच्यांत दाबून पत्र्याला आकार देतात, ते साचे बसवायचे, घासायचे, त्यांची धार राखायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांच्या साच्यातून निघालेल्या तुकड्याच्या कडेवरून तान्ह्या पोराचं बोट फिरवलं असतं तरी ओरखडा उठला नसता. प्रत्येक मशीनजवळ एक लाल पेटी असायची. नापास झालेला माल तिच्यात टाकायचा. पेटी भरली की ती मोजणीच्या खोलीत जाई, तिथं तुकडे तपासून त्यांच्यावर लाल रंगाचा फराटा मारत आणि मग ते भट्टीत वितळायला जात. मामांच्या मशीनजवळची लाल पेटी इतकी रिकामी असे, की हाताखालची माणसं तिच्यात जेवणाचे डबे ठेवत.

या कारखान्यात एक रीत होती. ती कुणी घातली, कधी घातली, देव जाणे. ज्यानं वस्तू घडवली त्यानं ‘माल परत’ असं म्हटलं, की वस्तू मुकाट्यानं परत करायची. का, कशाला, काय झालं, एक अक्षर विचारायचं नाही. आपल्या कामातली खोट ज्याची त्याला दिसली आणि त्यानं ती चारचौघांत तोंडानं सांगितली, एवढं पुष्कळ झालं, अशी समजूत. बऱ्याच जणांवर कधी ना कधी ही वेळ आली होती. मामांच्या तोंडून मात्र ते दोन शब्द कुणी ऐकले नव्हते, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. ते तसं बोलून दाखवत नसत, पण बशीतल्या चहावर फुंकर घालताना तो दिसायचा.

दुसरा अभिमान झोपेचा. घरी गादीवर मामांना धड झोप लागत नसे. ती लागायची गाडीत. सकाळच्या पाळीला चौघंजण एका गाडीतून जात. गाडी क्रेनवाल्याची. हा क्रेनवाला मामांच्या बरोबरीचा, एकाच वर्षी कामाला लागलेला. मागे स्टोअरमधले दोघे. मामा पुढे, क्रेनवाल्याच्या शेजारी. वस्ती मागे पडली की रस्ता कालव्याच्या काठानं जाऊ लागे. पाण्यावर धुकं असायचं, झाडं त्यात कमरेपर्यंत बुडालेली, आणि लांब कारखान्याची धुराडी अशी दिसायची की त्यांना खाली जमीनच नाही. मामांचे डोळे मिटायचे. मग रस्त्याचं पाणी व्हायचं आणि गाडीची होडी. होडीला वल्हं नाही, नावाडी नाही, आवाज नाही. समोरचा काठ हळूहळू जवळ यायचा, त्यावर कुणीतरी उभं असायचं, आता चेहरा दिसणार एवढ्यात कारखान्याचं गेट यायचं. वर्षानुवर्षं हेच स्वप्न. काठावर कोण आहे ते कळलं नव्हतं, पण मामांना घाई नव्हती.

आता पुढच्या सीटचा मान म्हणजे काय, ते सांगायला हवं. पुढे बसणारा जे करील ते मागच्यांनी करायचं. त्यानं काच खाली केली की सगळ्यांच्या काचा खाली. आणि पुढे बसणाऱ्यानं पट्टा लावायचा नाही. लावला, तर चालवणाऱ्याच्या तोंडात मारल्यासारखं होई. “का हो, माझ्या हातावर भरवसा नाही वाटतं?” हे वाक्य एकदा निघालं की पुढचा सगळा रस्ता कुणी कुणाशी बोलत नसे. गेट जवळ आलं की पट्टे नुसते खांद्यावर ओढून हातानं धरायचे, पहारेकरी मान डोलवायचा, आणि आत शिरलं की सोडून द्यायचे. पहारेकऱ्याला सगळं ठाऊक होतं. त्याचा स्वतःचा पट्टा त्याच्या गाडीत पहिल्या दिवशी होता तसाच गुंडाळलेला होता.

क्रेनवाल्यानं नवी गाडी घेतली तेव्हा घोटाळा झाला. ही गाडी पट्टा लावला नाही की टुणटुण वाजायची, आणि वाजतच राहायची. मामांच्या झोपेचं खोबरं झालं. होडी निघायची, आणि टुणटुण ऐकून पुन्हा रस्त्यावर येऊन आपटायची. आठवडाभर मामा तांबारलेल्या डोळ्यांनी कामावर गेले. मग एका दुपारी त्यांनी उरलेल्या पत्र्याचा तुकडा घेतला, पट्ट्याच्या टोकाला असतं तसं चपटं पातं कापलं, कानस मारून कडा मऊ केल्या आणि डोक्यावर पंचानं एक छोटं पाच पाकळ्यांचं फूल उठवलं. फुलाची काही गरज नव्हती. पण मामांच्या हातून नुसती वस्तू निघतच नसे. तशी चार पाती करून ती सीटांशेजारच्या खाचांत खट् खट् बसवली, आणि गाडीला वाटलं, सगळे कसे शहाण्यासारखे बांधून बसलेत. टुणटुण थांबली. क्रेनवाला म्हणाला, “बिस्किट चारलंस की रे गाडीला!”

झालं, नाव पडलं. पेंट शॉपवाल्यांनी मागितलं, पॅकिंगवाल्यांनी मागितलं, पहारेकऱ्यानं तर मूठभर नेली. मामांनी कुणाला नाही म्हटलं नाही आणि पैसाही घेतला नाही. लोक त्यांना बघून हात वर करायचे, कँटीनमध्ये जागा करून द्यायचे. कारखान्याच्या आवारात उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येक गाडीत मामांचं फूल होतं. या गोष्टीनं त्यांना किती बरं वाटे, ते बायकोला ठाऊक. “देवानं तुम्हाला हात दिलेत,” ती म्हणायची, “पण ते नको तिथं चालतात.” मामा हसायचे. बायकोचं असं बोलणं त्यांनी नेहमीच कौतुकाच्या खात्यात जमा केलेलं होतं.

एक लेक होती, तिला घरात छकु म्हणत. शिकली, परीक्षा दिली, आणि त्याच कारखान्यात मोजणीच्या खोलीत लागली. मामांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. क्रेनवाल्याच्या गाडीत जागा नव्हती, म्हणून छकु पेंट शॉपमधल्या एका रंगाऱ्याच्या गाडीतून जाऊ लागली. रंगारी तरणाबांड, दिलदार, आणि गाडी मात्र पाठीमागे वाघ लागल्यासारखी हाणणारा. त्यालाही कारण होतं. आवारात एकाच कडेला झाडांची रांग होती, आणि जो आधी पोचेल त्याची गाडी सावलीत. बाकीच्यांच्या गाड्या दिवसभर उन्हात तापत, आणि सुटताना सीटवर बसलं की चटका बसे. एवढ्या सावलीसाठी कालव्याच्या पुलापासून गेटपर्यंत रोज शर्यत लागायची. क्रेनवालासुद्धा त्यात असायचा. मामांना त्याचा पत्ता नव्हता. झोपलेल्या माणसाला वेग कळत नाही.

पहिल्या दिवशी छकु घरी आली ती हसतच.

“बाबा, तुमचं फूल आमच्या गाडीतपण आहे! त्यांनी मला पुढे बसवलं. म्हणाले, मामांची मुलगी मागे बसणार होय?”

“अस्सं!” मामा खूश झाले. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, “पट्टा लावलास ना?”

“लावत होते. तर सगळे हसायला लागले. म्हणाले, बिस्किटमामांच्या पोरीनं पट्टा लावला तर मामांचं नाव गेलं. मग मलाच लाज वाटली. सोडून दिला.”

मामांच्या हातातली बशी जागच्या जागी राहिली.

“उद्यापासून लाव,” ते म्हणाले.

“तुम्ही लावता?”

“माझी गोष्ट वेगळी.”

“वेगळी कशी?”

मामांनी बायकोकडे पाहिलं. ती शेंगा सोलत होती आणि तिनं मान वर केली नाही. मग ते एवढंच म्हणाले, “तो गाडी जोरात मारतो का?”

“सगळेच मारतात, बाबा. क्रेनवाले काका तर आज आम्हाला कट मारून पुढे गेले. तुम्ही शेजारीच होता. झोपला होता.”

दुसऱ्या दिवशी गाडीत मामांना झोप लागली नाही. डोळे मिटले, पण पाणी काही येईना. त्यांनी डोळे उघडले आणि किती वर्षांनी तो रस्ता नीट बघितला. धुकं होतं, झाडं होती, आणि त्यातून क्रेनवाल्याची गाडी नुसती सूं सूं करत चालली होती. पुलाच्या अलीकडे मागून हॉर्न वाजला. रंगाऱ्याची गाडी शेजारी आली, चिकटूनच. समोरून धुक्यातून पाण्याचा टँकर आला. तो आधी दिवा होता, मग भिंत झाला. रंगाऱ्यानं गाडी आत घुसवली, क्रेनवाल्यानं ब्रेक मारला, शिवी हासडली, आणि लगेच हसला. तेवढ्या वेळात मामांना शेजारच्या काचेत छकु दिसली. ती झोपली होती. डोकं काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उताणा पडलेला. खांद्यावर काही नव्हतं. ती अगदी मामांसारखी झोपली होती. पोरीनं बापाचं नाक घेतलं नाही, हात घेतले नाहीत, आणि घेतली ती ही झोप.

साच्यावर कानस फिरवताना मामांना सारखा तो पूल दिसत राहिला. टँकर मघाशी एक हात पुढे असता तर? त्या खाचेत आपलं फूल खोचलेलं होतं, गाडी गप्प होती, पोर निर्धास्त झोपली होती. आपण इतकी वर्षं लोकांना काय वाटून देत होतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. ते साच्यापाशी स्टूल ओढून बसले.

सांगून कुणी ऐकलं असतं? मामा काही खुळे नव्हते. सुरक्षा खात्याचा साहेब दरवर्षी सांगायचा, चित्रं दाखवायचा, आणि लोक चित्रं बघून बाहेर येऊन त्याच्याच बोलण्याची नक्कल करायचे. पट्टा लावा म्हणणारा मामा दोन दिवसांत सगळ्यांचा चेष्टेचा विषय झाला असता. रंगाऱ्याकडे जाऊन लेकीसाठी गयावया केली असती, तर लेकीला गाडीत तोंड वर करायची सोय उरली नसती. आपल्या पदरात एकच गोष्ट अशी आहे, जी हे लोक ऐकतील, हे त्यांना बसल्या बसल्या कळलं. ती उच्चारायची म्हणजे आयुष्यभर जपलेलं नाव आपल्या हातानं पुसायचं. मामा चिंधीला हात पुसत उठले.

जेवणाच्या सुट्टीत ते कँटीनच्या मध्यभागी उभे राहिले.

“माल परत,” ते म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला, की त्यांना पुन्हा म्हणावं लागलं.

“कसला माल, मामा?”

“बिस्किटं. सगळी. जिथं जिथं असतील तिथली.”

चमचे थांबले. एक पोरगा “का, काय झालं?” म्हणायला गेला, तर शेजारच्यानं त्याला कोपर मारलं. रीत म्हणजे रीत. दुसऱ्या दिवसापासून मामांच्या टेबलावर बिस्किटं येऊन पडू लागली. कुणी रुमालात गुंडाळून, कुणी पुसून चकचकीत करून. कुणी खुशीनं दिलं नाही, पण दिलं. रंगारीही आला. “लवकर द्या हं दुरुस्त करून,” तो म्हणाला, “तुमच्या बिस्किटाशिवाय गाडी म्हणजे नुसती किरकिर.” सगळ्यांत शेवटी क्रेनवाला आला.

“तुझ्या कामात खोट?” तो म्हणाला. “काहीतरी सांगू नकोस. मी तुला काय आज ओळखतो?”

“खोट आहे.”

“कुठं?”

“विचारायचं नसतं,” मामा म्हणाले.

क्रेनवाल्यानं बिस्किटं टेबलावर ठेवली आणि पाठ फिरवून चालता झाला. मामांनी लाल पेटीतले जेवणाचे डबे एकेक करून बाहेर काढले आणि ज्याचे त्याच्या हातात दिले. मग बिस्किटं आत ओतली. त्या आवाजानं अख्खं खातं मागे वळून बघायला लागलं. संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं, मामांचा हात गेला.

आणि एवढं करून हाती काय लागलं? काही नाही! गाड्या वाजू लागल्या, पण पट्टा कुणी लावीना. रंगाऱ्यानं रेडिओ मोठा केला. क्रेनवाल्याच्या गाडीत तर कालव्याच्या काठानं सगळा रस्ता टुणटुण, टुणटुण, आणि चौघंही मूग गिळून बसलेले. मागच्या दोघांचे डोळे मामांकडे. पुढचा लावील तर आपण लावू. मामांचा हात पट्ट्यापर्यंत जायचा, क्रेनवाल्याची ताठ मान दिसायची, आणि हात परत यायचा. नाव घालवायला छाती लागली होती. मित्राचं मन मोडायला त्याहून जास्त लागते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. झोप गेली, होडी गेली, काठ गेला. रात्री गादीवर तर झोप आधीपासूनच नव्हती. छकु रोज सकाळी निघाली की ते दारात उभे राहून गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत. त्यांचा जीव टांगणीला लागलेला असे तो तिनं संध्याकाळी दार ढकलेपर्यंत. तिला काही म्हणत नसत. तीही त्यांच्याशी बोलेनाशी झाली होती. लोक बापाबद्दल काय बोलतात ते तिच्या कानावर येत होतं.

मग एका संध्याकाळी ती आली ती पर्स खांद्याला तशीच ठेवून मामांच्या समोर येऊन बसली.

“बाबा, आज तुमची लाल पेटी आमच्याकडे आली.”

मामा चहात बघत राहिले.

“सगळी बिस्किटं मोजली मी. एकेक. गेज लावलं, भिंगाखाली धरली.”

“मग?”

“कुठं काही नाही. जाडी बरोबर, कडा बरोबर. फूल तर असं मधोमध की बघत राहावं. मला वाटलं, मलाच मोजता येत नाही. पुन्हा मोजली.” तिनं पर्स मांडीवर ओढली. “एवढा चांगला माल आमच्या टेबलावर कधी आलाच नव्हता, बाबा. आणि खात्यात लोक म्हणतात, मामांचा हात गेला. तुम्ही ऐकून घेता!”

“म्हणू देत गं.”

“का म्हणू देत? कशासाठी?”

मामांनी बशी खाली ठेवली.

“तू झोपली होतीस, छकु,” ते म्हणाले. “पुलापाशी. टँकर समोरून आला आणि तू आपली झोपली होतीस. माझंच फूल होतं तुझ्या शेजारी.”

बायको आतून येऊन चौकटीत उभी राहिली होती. छकु खाली बघून पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. नाकाचा शेंडा लाल झाला होता, लहानपणी रडू दाबताना व्हायचा तसा.

“मग काय केलंस तू त्यांचं?” मामांनी विचारलं. “पास केलीस?”

छकुनं मान हलवली.

“लाल रंग मारला. सगळ्यांवर. आमचे साहेब बघत होते. म्हणाले, खोट काय आहे यात? मी म्हटलं, करणाऱ्यानंच सांगितलंय. विचारायचं नसतं.”

मामांनी लेकीच्या हाताकडे बघितलं. नखांच्या कडेला अजून तो लाल रंग होता.

सकाळी धुकं इतकं दाट होतं, की क्रेनवाल्याची गाडी दारात येऊन वाजली तेव्हाच दिसली. मामा पुढे बसले. टुणटुण सुरू झाली. वस्ती मागे पडली, कालव्याचा पहिला ओला वास आला, आणि मामांनी पट्टा ओढून खट् केलं.

गाडीचा वेग एकदम कमी झाला.

“का रे?” क्रेनवाला समोर बघत म्हणाला. “इतक्या वर्षांनी माझ्या हातावर भरवसा नाही?”

“आहे म्हणून तर झोपतो,” मामा म्हणाले. “पण झोपेत मी कुठं कुठं जातो, तुला काय माहीत. परत यायला कशाला तरी बांधलेलं नको?”

मागे एक खट् झालं, थोड्या वेळानं दुसरं. तरी टुणटुण चालूच होती, कारण आता एकटा क्रेनवालाच राहिला होता. त्यानं ती बरीच लांबपर्यंत ऐकली. मग “कान किटले लेको तुमच्यापायी,” म्हणून एका हातानं पट्टा ओढला, आणि गाडी गप्प झाली.

पुलावर टँकर येत होता, म्हणून गाड्या अलीकडेच थांबल्या होत्या. रंगाऱ्याची गाडी शेजारी येऊन उभी राहिली. तिचा रेडिओ बंद होता. रंगारी तोंड पाडून बसला होता आणि त्याच्या छातीवरून पट्टा गेलेला होता. छकु पुढे होती. डोकं काचेला, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उताणा. खांद्यापासून खाली काळा पट्टा. धुक्यात मामांनी तो नीट पाहून घेतला, काच पुसून पुन्हा पाहिला.

टँकर गेला. गाड्या हलल्या, एकामागून एक. मामांचे डोळे मिटले. रस्त्याचं पाणी झालं, समोरचा काठ सावकाश जवळ येत राहिला, आणि काठावर जे कोणी उभं होतं त्याच्या नखांना लाल रंग लागलेला होता.

त्या दिवशी झाडांखालची सावली तिसऱ्याच कुणाला मिळाली. गेटवर पहारेकरी काच वाजवायला वाकला, तर क्रेनवाल्यानं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू,” तो म्हणाला. “मामा झोपलेत.”